घड्याळ आपलंच ठेव

"ताई, मुंबईहून रात्री दीडला निघून सकाळी आठला नेवार्क. म्हणजे साडेसहाच तास नं?" असं तू विचारलंस तेव्हा मी फोनवर हसले, पण तुला नाही गं, स्वतःला. खरं सांगू का, पहिल्या खेपेला मीही अशीच वजाबाकी केली होती. आई म्हणाली, "मंग एवढ्या दशम्या कायले करून राहिली मी?" आणि तिनं अर्ध्यातच तवा उतरवला. बाळाचे डायपरही मी मोजून चारच घेतले. पुढचं विचारूच नकोस.

बघ, तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची तिकडची. नेवार्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तू जूनमध्ये जाते आहेस, तर त्या साडेसहात साडेनऊ मिळव. झाले 16 तास, सुमारे 12,500 किलोमीटर. म्हणून उतरेपर्यंत मनगटावर आपलंच घड्याळ ठेव आणि पिल्लाचं दूध त्यावरच सांभाळ. येताना थोडा वेळ वाचतो. वर उंचावर वारे पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी असतात.

आणि तारीख नीट वाच गं बाई! 12 तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे 11 च्या रात्री दहालाच विमानतळावर हजर. इथं भलेभले चुकतात.

मला काळजी आहे ती अमरावती ते मुंबईची. बेलोऱ्याच्या विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, दोन तासांच्या आत पोचतं. मोह होणारच. पण तिकिटं वेगवेगळी काढलीस आणि हे विमान रखडलं, तर अमेरिकेचं काही तुझ्यासाठी थांबत नाही. शिवाय ते लहान, पंख्याचं विमान. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर 23 किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून तू त्या भरशील आणि बेलोऱ्यालाच वजनाचे पैसे भरत बसशील. त्यापेक्षा माझं ऐक, एक दिवस आधीच संध्याकाळची अमरावती एक्सप्रेस धर. दहा-अकरा तासांत मुंबई. मावशीकडे आंघोळ कर, वरण-भात खा, पिल्लाला झोपव, तूही झोप. अमरावतीच्या दारापासून तिकडे नेवार्कजवळ एडिसनच्या दारापर्यंत दोन दिवस धरून चाल, म्हणजे जीव घाबरा होत नाही. तुझ्याच्यानं होतं गं, दहावीला आख्खी भूमिती घोकणारी तू!

ठेचा मोठ्या बॅगेत ठेव, हातातल्या पिशवीत नको. वरुडची संत्री आईनं कोंबलीच, तर मुंबईतच संपव. ताजी फळं तिकडे नेऊ देत नाहीत.

आणि डायपर बारा घे.