काढलेले दूध आणि रुसलेले बाळ

कापूस वेचणीस निघालेल्या लेकुरवाळ्या स्त्रीची सौंसर परिसरातील तक्रार: काढून ठेवलेले दूध बाळ घेत नाही. 2017 च्या सुधारित कायद्याने आणलेली 26 आठवड्यांची रजा तिच्या वाट्यास येत नाही. दोष बहुधा दुधाचा नसतो. आईच्या अंगाचा वास येत असता बाळ वाटी का स्वीकारील? म्हणून तिने दृष्टिआड व्हावे, आजीने पाजावे, तेही बाळ भुकेने आक्रंदण्यापूर्वी. बाळास मांडीवर उभट धरून वाटी खालच्या ओठास टेकवावी. दूध ओतू नये, बाळ स्वतः चाटते. आपले जुने बोंडले गोड खरे, पण त्याची नळी नीट घासता येत नाही. झाकलेले दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकते. आपल्या वैशाखात तो हिशेब चालत नाही. कामावर जाण्याच्या पंधरवडाभर आधीच सराव सुरू करावा. पहिल्या दिवशी दोन चमचे गेले तरी पुष्कळ.