आधी एक चकती काप

कुंडल, आषाढ

चि. मनी,

काल फोनवर तू लोखंड कापायच्या त्या जुन्या बँडसॉ मशीनबद्दल सांगत होतीस आणि मागून ताईचा आवाज येत होता, "पडवीत माणसं बसायची, तिथे भंगार आणून ठेवलंय." रात्री मला झोप लागेना, म्हणून उठून हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर सांगितलं की तू हो हो म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस. कागद निदान पडवीतल्या खिळ्याला टांगून ठेवता येतो.

ताईला माझा एक निरोप सांग. आमच्या इथून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगरांचा कारखाना काढायला इथे आले तेव्हा औंध संस्थानचा हा माळ होता आणि स्टेशनचं नावसुद्धा कुंडल रोड होतं. पहिल्या महायुद्धात नांगरासाठी लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगराचे फाळ झाले. जुन्या लोखंडाला भंगार म्हणायचं की माल, हे ते कुणाच्या हातात पडतं त्यावर ठरतं. तुझं मशीन तर वितळवायचंही नाही, फक्त त्याचं दुखणं ओळखायचं आहे.

रंगाचा डबा आणून ठेवलास म्हणालीस. तो माळ्यावर ठेव.

हे मी का सांगतो ते ऐक. तळोज्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये होतो, तेव्हा मीही बेलपाड्याच्या त्याच पडवीत एक जुना बँडसॉ आणला होता. तू तेव्हा दुसरीत असशील. आठ दिवसांत सगळा खोलला, प्रत्येक भाग घासलेटात बुडवला, वायर ब्रशने खरवडला आणि हिरवागार रंग दिला. जोडल्यावर शेजारीपाजारी बघायला आले. पहिला राउंड कापला तर कट दोन मिलिमीटर तिरका. पुन्हा जोडला, पुन्हा तिरका. महिनाभर मला कारण सापडेना. मग एका रात्री आठवलं. पातं सरळ धरणाऱ्या गाइडच्या आर्मखाली पितळी पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या होत्या, गंजाचा पापुद्रा समजून मी त्या घासलेटच्या गाळाबरोबर फेकून दिल्या होत्या. कुण्या जुन्या फिटरने माप घेऊन, बहुधा दिवसभर खपून, त्या शिम तिथे बसवल्या असतील. त्याचं काम मी एका क्षणात पुसलं. त्याची टोचणी अजून आहे.

म्हणून मशीन खोलण्याआधी त्याच्यावर एक चकती काप.

त्याआधी दोन गोष्टी बघ. पहिली गिअरबॉक्स. खालचा प्लग काढून तेल पांढऱ्या फडक्यावर घे. तेल काळं असलं तरी घाबरू नकोस, पण त्यात सोनेरी चमक दिसली तर ब्राँझचं वर्म व्हील झिजतंय असं समज. मग पट्टा काढ आणि हाताने चाक मागेपुढे हलवून खेळ किती आहे तो बघ. थोडा खेळ चालतो, खडखड चालत नाही. तेल भरताना मोटारगाडीच्या गिअरबॉक्सचं कुठलंही तेल ओतू नकोस. त्यातल्या काहींमधलं गंधकाचं मिश्रण ब्राँझला मानवत नाही. दुकानात वर्म गिअरचं तेल म्हणून माग.

दुसरी गोष्ट वीज. मोटर थ्री फेज, एक एचपीची आहे आणि पडवीत सिंगल फेज. मोटरच्या डब्यात सहा टोकं बाहेर काढलेली असतील, तर डेल्टा जोडणी करून, सिंगल फेजवरून थ्री फेज काढणाऱ्या व्हीएफडीवर ती 230 व्होल्टला चालेल. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घे. त्याला आधी मेगरने वाइंडिंग तपासायला लाव, मशीन पावसात उभं होतं. अर्थिंग स्वतंत्र घ्यायला सांग. आणि हे त्याच्याकडून वदवून घे, की गेलेली वीज परत आली तरी मशीन आपोआप चालू होणार नाही. पावसाळ्यात बत्ती गुल होते, आपण पातं सोडवायला हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते. असा एक हात मी बघितलेला आहे.

आता चकती. माइल्ड स्टीलचा, टोक काटकोनात सरळ केलेला 50 मिलिमीटरचा राउंड शेगड्यात धर, वरच्या बाजूला सेंटर पंचने खूण कर आणि दहाएक मिलिमीटरची चकती काप. जाडी चार जागी मोज. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वरखाली फरक आला तर पातं उतरताना वाकडं जातंय, म्हणजे गाइड किंवा बोथट पातं. डावीउजवीकडे फरक आला तर शेगडा पात्याशी काटकोनात नाही. ते आकडे खडूने भिंतीवर लिही आणि मगच पाना हातात घे.

खोलताना प्रत्येक बोल्ट सोडण्याआधी फोटो काढ. ज्या भागाखाली पत्र्याचा तुकडा निघेल तो त्याच भागाला तारेने बांध. आणि झीज पुसू नकोस, आधी वाच. बीडाच्या चाकाच्या कॉलरवर आरशासारखी चकाकणारी रिंग दिसली, तर पात्याची पाठ वर्षानुवर्षं तिथे घासत आली आहे. पाठ कॉलरच्या जवळ असावी, पण घासू नये. मागच्या चाकाचा कल चुकलेला असतो. तो न सुधारता तू गाइडच्या मागची बेअरिंग नवी घातलीस, तर महिन्यात त्यांनाही चर पडेल. बेअरिंग साधीच असतात, जुन्यावरचा नंबर वाचून दे. 6203 असेल तर आतला व्यास 17, बाहेरचा 40. ठोकून बसवायची वेळ आलीच तर ज्या रिंगवर घट्ट बसते त्याच रिंगवर ठोक, गोळ्यांमधून मार जाता कामा नये.

पातं घेताना त्याच्या सांध्यावर बोट फिरव, पाठीच्या बाजूने. उंचवटा लागला तर परत दे. तो सांधा गाइडमधून जाताना दर फेरीला टिक करतो आणि शेवटी तिथेच तुटतो. या सांध्याला मोठा इतिहास आहे. बँडसॉचं पेटंट लंडनमध्ये विल्यम न्यूबेरीने 1809 सालीच घेतलं होतं, पण टिकेल असा सांधा कुणाला जमेना, म्हणून कल्पना तशीच पडून राहिली. 1846 साली फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपँ या बाईने सांधण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, ते पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतलं आणि मग हे यंत्र कारखान्यांत शिरलं. पडवीत येऊन कुणी विचारलं, हे काय पोरींचं काम आहे का, तर हे सांग.

दाते किती, याचा हिशेब सोपा. मालाच्या जाडीत निदान तीन दाते एका वेळी बसले पाहिजेत. सहा मिलिमीटरच्या अँगलला इंचाला 14 दाते, 50 च्या भरीव राउंडला 6 पुरेत. जाड दात्याने पातळ पाइप कापायला गेलीस की दाते मोडतात आणि आपण पात्याला शिव्या देतो. नव्या पात्याला पहिले काही कट निम्म्या दाबाने कापू दे, दात्यांची अतितीक्ष्ण धार हळूहळू बसते. पुढे काय चाललंय ते कीस सांगेल. मोकळा, कुरळा कीस पडला की सगळं ठीक. पिठासारखी भुकटी पडली तर दाब कमी आहे. निळा पडून धूर आला तर दाब किंवा वेग जास्त.

हे वाचून कळेल, पण दिसलं पाहिजे. एखाद्या सकाळी कळंबोलीच्या स्टील मार्केटला जा. तिथे दिवसभर राउंड कापत असतात. तासभर उभी राहा, काही विचारू नकोस, फक्त कीस बघ आणि आवाज ऐक. चांगल्या कटचा आवाज एकसारखा असतो.

मशीन चालू असताना हातात मोजे नकोत, ओढणी तर नकोच. गुंडाळी केलेलं पातं सोडताना मात्र मोजे घाल आणि तोंड बाजूला धर, ते सापासारखं उसळतं.

आता पांडवकड्याच्या धबधब्याला पाणी सुटलं असेल आणि खाडीवरचा वारा पडवीत येत असेल. त्या हवेत घासून उघडं केलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं. एका दिवशी पुसून तेलाचा हात फिरवता येईल तेवढाच भाग घासायला घे. जुना रंग कोरडा घासू नकोस, पाणी लावून घास, त्यात शिसं असू शकतं. आणि रंग पाऊस सरल्याशिवाय नाहीच. खंडेनवमीला तुझं मशीन पूजेला रंगून उभं असेल, तेवढा वेळ हातात आहे. मला घाई वाटत नाही, तुलाही वाटू नये.

गौरी-गणपतीला इकडे येशील तेव्हा दोन चकत्या पिशवीत टाकून आण. एक खोलण्याआधीची, एक जोडल्यानंतरची. कानस मारू नकोस, बर तशीच असू दे. माझा मायक्रोमीटर मी काल पेटीतून काढून पुसून ठेवला आहे. आणि गाइडखाली शिम सापडल्या तर त्यांची जाडी मला त्याच रात्री कळव.

तुझा,
मामा