बॉयलरचा धूर आणि शेजाऱ्याचा हक्क

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील असंख्य घरांची चूल यंत्रमागावर पेटते. सूत मागावर चढण्यापूर्वी सायझिंगमध्ये त्याला खळ देतात व बॉयलरच्या वाफेवर ते वाळवतात. स्वस्त पडतो म्हणून त्या बॉयलरमध्ये प्लॅस्टिकचा कचरा जाळला, तर मालकाचे पैसे वाचतात. मात्र विषारी धूर शेजारच्या मुलांच्या छातीत जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणवठा, रस्ता आणि सावलीची जागा येथे शौचास बसण्यास मनाई केली व असे कृत्य शापास कारण ठरते, असे बजावले (हदीस : अबू दाऊद). एका माणसाच्या घाणीबाबत एवढी ताकीद असेल, तर रंगाचे सांडपाणी थेट नाल्यात सोडणाऱ्याने स्वतःविषयी काय समजावे?

बंधूंनो, असा वाचवलेला खर्च हा नफा नव्हे. ते शेजाऱ्यावर लादलेले ओझे आहे. हा हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. जकात वा दानधर्म करून तो फिटत नाही. हानी थांबवावी लागते, भरपाई द्यावी लागते किंवा ज्याचा हक्क बुडाला त्याची क्षमा मिळवावी लागते.

म्हणून बॉयलरमध्ये योग्य इंधनच घालावे. वाफेचे झालेले गरम पाणी पुन्हा बॉयलरमध्ये घ्यावे. त्याने पाणी व इंधन दोन्ही वाचतात. सांडपाणी प्रक्रियेविना सोडू नये. एकट्याला परवडत नसेल, तर अनेकांनी मिळून सामाईक केंद्र उभारावे.

अल्लाह आपली कमाई पवित्र ठेवो. आमीन.