खाऱ्या वाऱ्यातले गंजके बोल्ट

प्रश्न : वडिलांची जुनी येझदी पडवीत उभी आहे. बोल्ट गंजून जाम झालेत. काय करू?
– एक वाचक, मुरुड (रायगड)

उत्तर : म्हैसूरमधलं येझदीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणून मूळ बोल्ट जपा. आधी गाडी गोड्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. मीठ राहिलं तर गंज त्याच जागी पुन्हा धरतो. मग गंज सोडवणारं तेल आट्यांवर सोडून रात्रभर थांबा. पाना सहाकोनीच घ्या. बाराकोनी लावलात तर झिजलेलं डोकं गोल होतं. बोल्ट आधी किंचित आवळा, ‘कट्’ झालं की उलट फिरवा. अडला की जोर करू नका, पुन्हा तेल.

निघालेले बोल्ट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच वाळवून तेल लावा. ॲक्सल आणि ब्रेकचे बोल्ट आम्लात नकोत. खड्डे पडले असतील तर बदलाच.

स्टेनलेसचे बोल्ट चकाकतात, पण खाऱ्या हवेत इंजिनाचं ॲल्युमिनियम खातात. माझी पसंती झिंक प्लेटिंगला. बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावा आणि नेहमीपेक्षा थोडं हलकं आवळा.