पीलु : एक नाव, दोन वृक्ष

चरकसंहितेत विरेचनोपग व ज्वरहर या दोन्ही महाकषायांत पीलूची गणना आहे. ‘गुडफल’ व ‘स्रंसी’ हे पर्याय फळाची गोडी व सारक कर्म दर्शवितात. भावप्रकाशात आम्रादिफलवर्गात पीलु कफवातघ्न, पित्तकर, भेदन व गुल्मनाशक सांगितला असून मधुर-तिक्त पीलु मात्र फार उष्ण नाही, तो त्रिदोषहर आहे, असा भेद केला आहे. पित्तप्रधान रुग्णात हा भेद निर्णायक ठरतो.

वनस्पतिपरिचय : साल्वाडोरा ही रुक्ष व क्षारयुक्त भूमीत वाढणाऱ्या लहान वृक्ष-झुडपांची प्रजाती. बार्सिलोना येथील साल्वादोर नामक औषधविक्रेत्यावरून तिला हे नाव मिळाले. भारतात तिच्या दोन जाती आढळतात; गुजरात-राजस्थानात त्यांना अनुक्रमे खारी व मीठी जाळ म्हणतात.

१) साल्वाडोरा पर्सिका : पाने लंबगोल, मांसल, फुले सदेठ, विरळ मंजरीत, फळ पिकल्यावर गुलाबी ते जांभळे, चव तिखटसर. मिसवाक दातवण याचेच. मुळात बेंझिल आयसोथायोसायनेट असल्याने मोहरीसारखा उग्र वास येतो.

२) साल्वाडोरा ओलिऑइडीस : पाने अरुंद, भाल्यासारखी; फुले बिनदेठाची; फळ पिकल्यावर पिवळे व गोड.

ग्रंथोक्त मधुर पीलु म्हणजे ही दुसरी जाती, असे आमचे मत आहे.

स्थानिक दक्षता : पहिली जाती ठाणे खाडीच्या काठी विपुल आहे. सिंधुदुर्गाच्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात मात्र ती सहज मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. कर्ली, कोळंब वा कालावल खाडीकाठचे प्रत्येक मांसल पानांचे झुडूप पीलु नव्हे. वनजाईची पानेही समोरासमोर असतात. परंतु तिच्या पांढऱ्या नळीदार फुलांतून लांब जांभळे पुंकेसर बाहेर येतात. गेव्याची पाने एकाआड एक असून त्याचा पांढरा चीक डोळ्यांस अत्यंत घातक आहे. पीलूस चीक नसतो. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालात ती कायम राखली. म्हणून खाडीकाठी परस्पर संग्रह करू नये.

सूचना : औषधी विक्रेत्यांनी खरेदीपत्रावर व वेष्टनावर केवळ ‘पीलु’ न लिहिता जाती व प्रयोज्य अंग नोंदवावे. वैद्यांनी गुल्म, आनाह अशा कफवातप्रधान अवस्थेत पहिली जाती योजावी; दाह, अम्लपित्त वा रक्तस्राव असता ती टाळावी. नमुन्याची जाती निश्चित होत नसेल, तर विरेचनोपग कर्मासाठी त्याच गणातील द्राक्षा किंवा हरीतकी वापरणे श्रेयस्कर.