घरचा मोडेम आणि राऊटर : एकाने तार सांभाळावी, दुसऱ्याने घर

सातबाराचा उतारा, २०२१ साली सुरू झालेली ई-पीक पाहणी, ठिबक संचासाठी महाडीबीटीवरील अर्ज, बँकेचे काम, मुलामुलींचे प्रवेश अर्ज ही सारी कामे आता इंटरनेटवरून होतात. अर्जाला शेवटची तारीख असते आणि नेमके त्याच दिवशी नेट बंद पडते. मग घरात एकच प्रश्न : लाइन गेली, मोडेम गेला, की वाय-फाय गेले? उत्तर ठाऊक नसल्यामुळे माणूस तालुक्याला खेप घालतो, दिवस मोडतो, आणि बरेचदा नवा डबा विकत घेऊन येतो. दोष मात्र दारावरच्या सांध्यातच राहतो.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच गोष्ट समजावून देणार आहोत. घरातील मोडेमला ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून त्याच्यामागे राऊटर कसा जोडावा, आणि तसे केल्याने दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे. उमरखेड, पुसद, महागाव, दिग्रस, दारव्हा या भागांत ज्यांच्याकडे अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे, त्यांना हे सरळ लागू पडेल. ज्यांच्याकडे फायबर आले आहे त्यांनीही वाचावे, कारण तत्त्व तेच आहे.

१. एकाच तारेवर दोन कामे

टेलिफोनवरील बोलणे तारेच्या अगदी खालच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ हजार कंपनांच्या आत चालते. त्यावरची जागा मोकळीच असते. डीएसएल पद्धतीत इंटरनेट त्या वरच्या पट्ट्यातून पाठवतात. म्हणून फोनवर बोलताना नेटही चालू राहते. दोन्ही वेगळे करण्यासाठी भिंतीजवळ एक छोटी डबी लावतात, ती स्प्लिटर. तिची एक वायर फोनला आणि दुसरी मोडेमला जाते. स्प्लिटर नसला तर फोनमध्ये खरखर येते आणि नेट तुटते.

भारत संचार निगमने २००५ च्या जानेवारीत ‘डेटावन’ नावाने ही सेवा सुरू केली. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की ते ब्रॉडबँड मानले जाई. २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. तांब्याच्या तारेची ताकद मात्र अंतरावर अवलंबून असते. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. चार-पाच किलोमीटरपलीकडे लाइन तग धरीत नाही. शेवटच्या चारीला पाणी कमी पोचते, तसेच हे आहे.

२. एका चारीवर दोन पाटकरी नकोत

कंपनीकडून मिळणाऱ्या मोडेमच्या एकाच डब्यात चार कामे कोंबलेली असतात : तारेवरील संकेत ओळखणे, नाव-पासवर्ड देऊन कंपनीकडे हजेरी लावणे, घरातील प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणे, आणि वाय-फाय देणे. पुढे वाय-फाय कमी पडते म्हणून आपण बाजारातून राऊटर आणून त्याच्यामागे लावतो. आता राऊटरही पत्ते वाटतो आणि मोडेमही वाटतो.

इसापूर धरणाचे पाणी कालव्याने उमरखेड भागात येते. समजा एकाच चारीवर दोन पाटकरी नेमले आणि दोघांनी आपापली यादी केली, तर काय होईल? पाणी वाहील, पण कोणाची पाळी आणि कोणते दार उघडायचे यावर घोळ होईल. इथेही तसेच होते. साधी पाने उघडतात, पण विहिरीवरचा कॅमेरा बाहेरगावाहून पाहायचा असेल, किंवा व्हिडिओवरील तास मध्येच तुटत असेल, तर अडचण कोणत्या डब्यात आहे तेच कळत नाही.

ब्रिज म्हणजे पूल. मोडेमला ब्रिजवर टाकले की तो फक्त तारेवरचे राऊटरकडे आणि राऊटरकडचे तारेवर एवढेच करतो. हजेरी, पत्ते, वाय-फाय, राखण हे सारे राऊटर पाहतो. एकाने तार सांभाळावी, दुसऱ्याने घर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ब्रिज केल्याने नेटचा वेग वाढत नाही. वेग तारेवर आणि योजनेवर ठरतो. फायदा आहे तो कामाच्या वाटणीचा.

३. कोणी करावे, कोणी करू नये

एकच मोडेम आहे, दोन खोल्यांचे घर आहे, सारे नीट चालले आहे, त्यांनी हात लावू नये. फक्त मागच्या खोलीत वाय-फाय पोचवायचे असेल, तर राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकला तरी भागते. ज्यांचा मोडेम जुना आहे, वाय-फाय अशक्त आहे, घरी कॅमेरे किंवा बरीच यंत्रे आहेत, किंवा गावात सेवा केंद्र चालवतात, त्यांनी ब्रिज अवश्य करावा.

४. आधी तयारी

खालील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण कागद हवाच. नेट बंद असताना तोच उपयोगी पडतो.

(अ) कंपनीने दिलेले जोडणीचे नाव आणि पासवर्ड. हे मोडेमच्या पासवर्डहून वेगळे असते. नसेल तर आधी कंपनीकडून घ्यावे, त्याशिवाय पुढे जाऊ नये.

(ब) मोडेममधील व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे. भारत संचार निगमच्या तांब्याच्या जोडणीत ते साधारणतः ० आणि ३५ असतात. आपल्या मोडेममध्ये जे असतील तेच ठेवावेत.

(क) जोडणी विशिष्ट यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली आहे का, हे कंपनीला विचारावे. तशी असेल तर नव्या राऊटरचा क्रमांक आधी नोंदवावा लागतो.

(ड) दोन नेटवर्क केबल आणि एक संगणक. हे काम वाय-फायवरून करू नये, कारण मध्येच वाय-फाय बंद होणार असते.

५. प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी : संगणक केबलने मोडेमला जोडावा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकावा, आकडे इंग्रजीच टाकावेत. मोडेमचे पान उघडेल. पत्ता, नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतात.

दुसरी पायरी : असलेल्या सर्व सेटिंगची नोंद करावी. बॅकअपची सोय असेल तर फाइल काढून ठेवावी.

तिसरी पायरी : ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानावर ‘पीपीपीओई’ निवडलेले असते, तिथे ‘ब्रिज’ निवडावे. व्हीपीआय, व्हीसीआय व एलएलसी यांना हात न लावता सेव्ह करावे.

चौथी पायरी : मोडेमचे वाय-फाय बंद करावे. मग मोडेमचा प्रवेश पासवर्ड बदलावा. सर्वांत शेवटी पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी. हे आधी केले तर संगणकाला पत्ता मिळणार नाही आणि पान उघडणार नाही.

पाचवी पायरी : मोडेमच्या लॅन भोकातून केबल काढून राऊटरच्या ‘वॅन’ भोकात घालावी. राऊटरवर हे भोक वेगळ्या रंगाचे असते. घाईत लॅनमध्येच केबल घातल्याने बहुतेक घोटाळे होतात.

सहावी पायरी : संगणक राऊटरला जोडून राऊटरचे पान उघडावे. इंटरनेटचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडून कंपनीचे नाव-पासवर्ड टाकावेत. लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी. ‘एमटीयू’ विचारले तर १४९२ टाकावे. साधे पाकीट १५०० बाइटचे असते, पीपीपीओईचे लेबल ८ बाइट घेते, म्हणून १४९२.

सातवी पायरी : राऊटरचा घरातील पत्ता मोडेमसारखाच १९२.१६८.१.१ असेल तर तो १९२.१६८.२.१ करावा. दोन घरांना एकच नंबर नको.

आठवी पायरी : वाय-फायला नवे नाव, डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवी सुरक्षा आणि लांब पासवर्ड द्यावा. राऊटरचा प्रवेश पासवर्डही बदलावा. हे टाळू नये. २०१७ च्या जुलैत देशात अनेक ब्रॉडबँड मोडेम बाहेरच्या घुसखोर प्रोग्रामने बंद पाडले. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड तसाच ठेवलेले मोडेम त्यात सापडले, आणि पासवर्ड बदला असे आवाहन ग्राहकांना करावे लागले.

आता घाबरायचे नाही. मोडेमवरील ‘इंटरनेट’चा दिवा विझलेला दिसेल. तो विझायलाच हवा, कारण हजेरी आता राऊटर लावतो. मोडेमवर फक्त ‘डीएसएल’चा दिवा स्थिर हवा.

६. दोष ओळखावा तो असा

ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो भाग हाच. ही पाच वाक्ये कापून राऊटरजवळ चिकटवावीत.

डीएसएलचा दिवा लुकलुकतो किंवा बंद आहे : दोष तारेत. फोन उचलून पाहावे. खरखर असेल तर लाइनमनला तेच सांगावे.

डीएसएल स्थिर, पण राऊटर ‘ऑथेंटिकेशन’ नाकारले म्हणतो : नाव-पासवर्ड चुकला, किंवा बिल थकले.

डीएसएल स्थिर, पण पलीकडून उत्तरच नाही : मधली केबल, ती कोणत्या भोकात आहे, आणि व्हीपीआय-व्हीसीआय तपासावे. दोन्ही डबे पाच-दहा मिनिटे बंद ठेवून आधी मोडेम, मग राऊटर लावावा.

काही पाने उघडतात, काही अर्धवट अडकतात : एमटीयू १४९२ आहे का पाहावे.

केबलवर चालते, मोबाइलवर नाही : दोष वाय-फायचा. राऊटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवावा.

मोडेमच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ नावाचा आकडाही असतो. तो १० डेसिबलच्या वर असला तर लाइन ठीक, ६ च्या खाली गेला तर ती वारंवार तुटणार. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की हा आकडा उतरतो. कोरड्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावा. पावसातल्या आकड्याशी ताडून दाखवला तर तक्रारीला वजन येते. हे पान नंतर पाहायचे असल्यास संगणक सरळ मोडेमला जोडून त्याला हाताने १९२.१६८.१.५ हा पत्ता द्यावा.

७. वीज, पाऊस आणि ऊन

रोहिणी-मृगाचा गडगडाट सुरू झाला की विजेची पिन आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढावीत. फक्त पिन काढणारे पुष्कळ, पण विजेचा झटका तारेवरूनही येतो. इथेही वाटणीचा फायदा आहे. मोडेम जळाला तरी घराची सारी सेटिंग राऊटरमध्ये असतात. नवा मोडेम ब्रिजवर टाकला की काम झाले. मात्र दोघांमधली केबलही त्या वेळी काढून ठेवावी, म्हणजे झटका पुढे जाणार नाही.

भारनियमनासाठी दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घ्यावेत. एकावर घेऊन उपयोग नाही. एकाचा अडाप्टर दुसऱ्याला लावू नये, व्होल्ट वेगळे असतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसांत टिनाखाली, खिडकीच्या उन्हात किंवा एकावर एक ठेवलेले डबे तापून बंद पडतात. दोघांत वीतभर अंतर ठेवावे.

८. फायबर आल्यावर

तांब्याची तार आता मागे पडत आहे आणि नव्या जोडण्या बहुतेक फायबरच्याच होत आहेत. मग हे शिकून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. उपयोग आहे. फायबरमध्ये मोडेमच्या जागी ‘ओएनटी’ नावाचा डबा येतो, आणि तोही अनेकदा ब्रिजवर टाकता येतो. व्हीपीआय-व्हीसीआयच्या जागी ‘व्हीलॅन’चा आकडा असतो, तो कंपनीकडून घ्यावा. टेलिफोन त्याच डब्यातून चालत असेल तर आधी विचारूनच बदल करावा. बाकी घर तसेच राहते. राऊटर तोच, वाय-फायचे नाव तेच, कॅमेरे तेच. बाहेरची तार बदलली म्हणून घर उलथेपालथे करावे लागत नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, मोटर बंद पडली तर आपण आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल, आणि शेवटी मोटर वर काढतो. पहिल्याच झटक्याला कोणी मोटर काढीत नाही. नेटचेही तसेच आहे. आधी तार, मग हजेरी, मग वाय-फाय, हा क्रम घरातील मुलामुलींना शिकवून ठेवावा. घरचे एक माणूस हे शिकले की शेजारची चार घरे त्याच्याकडे येतील, आणि अर्जाची शेवटची तारीख आली तरी कोणाला खेप घालावी लागणार नाही. सहकार म्हणतात तो यालाच.