इन्सुलिनची घडी मोडू नका

"डॉक्टरसाहेब, हे इन्सुलिन डुकराचं तर नाही ना?" धुळ्याच्या एका आजोबांनी मला विचारले. या शंकेपायी त्यांनी आठ दिवस सुई बंद ठेवली होती. साखर ४०० वर गेली होती!

मी म्हटले, "बाबा, पूर्वी ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. आता माणसाच्या इन्सुलिनचा जनुक सूक्ष्मजीवात घालून बनवतात."

असे इन्सुलिन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते ई-कोलाय जीवाणूत बनवले होते. या जीवाणूत प्रथिनाचे गोळे होतात. ते विरघळवून प्रथिनाची नीट घडी घालावी लागते. यीस्टची पेशी मात्र घडी घालूनच माल बाहेर सोडते. मुंबईच्या वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये यीस्टपासूनचे इन्सुलिन भारतात आणले.

एवढ्या खटपटीने घातलेली ही घडी उन्हाने मोडते आणि औषध निकामी होते. जळगावचा मे महिना आपण जाणतोच! म्हणून बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसेल तर पिशवीत बांधून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवावी. आणि मनात शंका आली तर आधी डॉक्टरांना विचारा, सुई बंद करू नका.